बालगटाची शिट्टी

सांगलीच्या मैदानावर वरिष्ठ महिला गटाचा बास्केटबॉल सामना अखेरीस आला होता. घड्याळात सात सेकंद उरले होते आणि तासगावचा संघ विट्याच्या संघापेक्षा एका गुणाने मागे होता. पंच गोपाळकृष्णांच्या ओठांत शिट्टी होती. साताऱ्याच्या शाळांतून त्यांनी अठरा वर्षे बालगटाचे सामने चालवले होते. राज्य पंचांच्या यादीत येण्याची, वयोमर्यादेतली ही शेवटची परीक्षा. कडेला निरीक्षक क्षमाताई वही उघडून बसल्या होत्या.

बालगटात मूल पडले की तत्क्षणी खेळ थांबवायचा, हा गोपाळकृष्णांचा शिरस्ता. वरिष्ठ गटाचा नियम निराळा: दुखापत गंभीर नसेल, तर ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांची चढाई पुरी होऊ द्यायची. सकाळीच त्यांनी तो नियम पोथी वाचावी तसा तीनदा वाचला होता.

तासगावच्या शिवांजलीने चेंडू हिसकावला आणि ती एकटीच बास्केटकडे धावली. मागे विट्याची मयूरी आपल्याच पायात अडखळून कोसळली.

शिट्टी वाजली.

त्यानंतर शिवांजलीचा चेंडू जाळीतून अलगद उतरला. परंतु ते गुण आता धरता येणार नव्हते. मयूरी तर उठून गुडघा झटकत होती.

"आवं पंच, पोरगी मोकळी हुती की," तासगावचे प्रशिक्षक केरबा, निवृत्त सुभेदार, रेषेपाशी येऊन म्हणाले. "पडलेली हसतीया, आन् आमी रडायचं व्हय?"

"चेंडू तुमचाच. तीन सेकंद आहेत."

"तीन सेकंदात बुटाची नाडीबी बांधून हुत न्हाई, सायेब."

चेंडू आत आला. आता शिवांजलीभोवती तिघी होत्या. तिने फेकलेला चेंडू कडीवर आपटून बाहेर गेला.

सामना संपल्यावर क्षमाताईंनी गोपाळकृष्णांना जवळ बोलावले. "दुखापत गंभीर वाटली, म्हणून थांबवलंत ना? मग ते नियमात बसतं. तसं लिहिते."

लेखणी कागदावर टेकली होती. एक होकार पुरेसा होता. पलीकडच्या बाकावर शिवांजली टॉवेलात तोंड लपवून बसली होती.

"नाही, ताई. तिला किती लागलं ते मी पाहिलंच नाही. पडलेली दिसली आणि शाळेतल्या सवयीनं शिट्टी वाजवली. तसंच लिहा."

"सर, मग यादीत नाव येणार नाही."

"ठाऊक आहे."

क्षमाताई लिहू लागल्या. गोपाळकृष्ण तासगावच्या बाकाकडे निघाले. हेच तिथेही सांगायचे होते, आणि ते अधिक कठीण होते.