आढ्यावरचा सदरा

"आढ्याला सदरा एवढ्यात नको, वहिनी," विदोये मिस्त्री वरूनच ओरडला. "दोन ओळी कौलं राहिलीत अजून. सोमवारी बांधू."

"सोमवारी कुणाला दाखवू, कोंबड्यांना?" देसांका खालून म्हणाली. "नेनाद उद्या पहाटेच निघतोय."

कोरा पांढरा सदरा हातात घेऊन ती अंगणात उभी होती. नवं छप्पर पुरं झालं की घरधन्याने मिस्त्रीला सदरा द्यायचा, मिस्त्रीने तो आढ्याला बांधायचा, खाली येऊन राकियाचा, घरच्या फळांच्या दारूचा, पेला उचलायचा, घराचं भलं चिंतायचं आणि हत्यारं धुऊन ठेवायची. सदरा फडकला म्हणजे काम संपलं, त्यानंतर मिस्त्री वर चढतो तो फक्त सदरा उतरवून घरी न्यायला. पूर्वी शेजारपाजारचेही सदरे यायचे. आढं कसं वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीसारखं भरून जायचं. आता आळीत माणसांपेक्षा कुलपं जास्त, त्यामुळे सदरा काय तो देसांकाचा एकटीचाच.

काम शहरातल्या ठेकेदाराला द्यावं असं तिच्या मुलाचं, नेनादचं म्हणणं होतं. ऑस्ट्रियात बसून फोनवर त्याने सगळं ठरवलंही. एक चकचकीत बुटांचा माणूस आला, फोटो काढले, देसांकाची कॉफी प्यायला आणि जो गेला तो गेलाच. उन्हाळा सरत आला, माळ्यावर पाणी ठिबकायला लागलं, तेव्हा ती विदोयेच्या दारात जाऊन उभी राहिली. त्याने काम सोडल्याला दोन वर्षं झाली होती.

"त्यांचे गुडघे गेलेत गं, देसांका," त्याची बायको रोसा म्हणाली होती. "दुसरा कुणी बघ ना."

"दुसरा आहे कोण गावात? तूच सांग."

"तिच्या सासऱ्याच्या वेळी त्या छपरावर मीच कौलं चढवलीत," विदोये मध्येच म्हणाला. "माझ्या घराला दुसऱ्या कुणाला हात लावू देईन होय?" आणि त्याने खुंटीवरची टोपी काढली.

छपराची काळजी देसांकाला होतीच, पण जीव अडकला होता तो वेगळ्याच गोष्टीत. तो फडकणारा सदरा नेनादने डोळ्यांनी पाहायला हवा होता. निवृत्त झालो की परत येईन, असं तो दरवर्षी म्हणायचा. अलीकडे म्हणेनासा झाला होता. आपल्या नावाने आढं बांधलं गेलंय हे एकदा पाहिलं की पोराचा पाय या घरातून निघणार नाही, असं वेडं गणित तिने मनाशी मांडलं होतं. आईच ती. दुसरं काय करणार?

"बांधा हो काका," सुट्टीवर आलेला नेनाद अंगणातून हसत म्हणाला. "मला व्हिडिओ काढायचाय. पोरगी विचारते, तिकडे असतं तरी काय म्हणून."

विदोयेने एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा देसांकाच्या तोंडाकडे. मग सदरा वर घेतला आणि भिंतीच्या टोकाशी, आढं बाहेर डोकावतं तिथे, काठीला बांधला. वाऱ्याने बाह्या पसरल्या. नेनादने व्हिडिओ काढला. देसांकाने डोळे पुसले आणि घेवड्याचं कालवण, भाकरी, भाजलेल्या मिरच्या अंगणातल्या टेबलावर मांडल्या. त्या दिवशी पेल्याला नाही म्हणणं म्हणजे घराचं वाईट चिंतणं. विदोये पहिल्याला नाही म्हणाला नाही, आणि दुसऱ्यालाही नाही.

डोंगरामागून ढग चढून आला, तेव्हा देसांका वरच्या उघड्या भगदाडाकडे पाहत राहिली.

"पाऊस आला तर, मिस्त्री?"

एवढंच बोलली ती. पुढे कितीतरी वेळा तिने ते वाक्य तोंडातच परत गिळून पाहिलं.

"झाकतो. दोन ओळींचं काय मोठं!" विदोये उठला. खांद्यावर कौलं घेतली. "शिडी तेवढी धरा, वहिनी. फरशी निसरडी आहे."

तिने धरली. तो अर्ध्यावर असेल नसेल, घरातून नेनादने हाक मारली. "आई, मिरच्यांच्या बरण्या कुठल्या न्यायच्या? झाकणं सैल आहेत यांची!"

"अरे, त्या नाहीत, खालच्या!" ती म्हणाली, आणि नेमकं दाखवायला आत गेली.

बरण्या हातात असतानाच आवाज झाला. आधी कौलं, मग शिडी. माणूस पडल्याचा वेगळा आवाज तिला ऐकूच आला नाही.

नेनादने त्याला मागच्या सीटवर घालून गाडी दवाखान्याकडे पिटाळली, पण वाटेतच सगळं आटोपलं. संध्याकाळी विदोयेला त्याच्या घरी आणून, रीतीप्रमाणे दफनापर्यंत टेबलावर ठेवलं. देसांका मेणबत्ती घेऊन गेली, दारातच उभी राहिली आणि तशीच परत आली. आत जायला तोंड कुठे होतं?

पहाटे नेनादने गाडीची मागची सीट साबणाने धुतली.

"दुपारी त्यांना पोचवायचंय," देसांका म्हणाली. "तेवढं तरी थांब."

"उद्या ड्यूटी आहे आई, माहितीये ना तुला. छपराचं बघतो मी. दुसरा माणूस पाठवतो." त्याने तिला जवळ घेतलं आणि तो गेला. बरण्या ओट्यावरच राहिल्या. तिनेही आठवण केली नाही.

सकाळी फाटक वाजलं. काळा रुमाल बांधून रोसा उभी होती.

"त्यांचा सदरा वर आहे," ती म्हणाली. "अंगात घालायचाय."

"दुसरा देते गं, रोसा. कोरा आहे घरात. तो नको. तो मी आधीच बांधायला लावला, त्यानेच…"

"माहितीये मला. अख्ख्या गावाला माहितीये." रोसाचा आवाज चढलाही नाही, उतरलाही नाही. "चाळीस वर्षं आढ्यावरचा सदरा घेऊनच ते घरी यायचे. दुसऱ्या सदऱ्यात कसं पाठवू?"

"पण काढणार कोण? गावात चढणारं कुणी…" देसांकाने वर आढ्याकडे पाहिलं. चढणारा तर टेबलावर निजला होता.

शिडी अंगणात पडली होती तशीच होती. देसांकाने ती उचलून भिंतीला लावली, चपला काढल्या आणि घागरा कमरेला खोचला. सत्तरीच्या बाईने चढायची ती जागा नव्हे. पण रोसा एका शब्दानेही नको म्हणाली नाही, आणि तिने म्हणावं असं देसांकालाही वाटलं नाही.

ती चढली. वर वारा होता. भगदाडाच्या कडेला मिस्त्रीने सोमवारसाठी काही कौलं ओळीने रचून ठेवली होती, हात पुढे केला की लागतील अशी. सदऱ्याची गाठ पक्की होती, मिस्त्रीचीच ती. बोटांनी सुटेना, शेवटी तिने दातांनी सोडवली आणि सदरा पोटाशी धरून खाली पाहिलं.

रोसाने दोन्ही हातांनी शिडी कवटाळली होती. एक पाय सर्वात खालच्या पायरीवर घट्ट रोवला होता, आणि कपाळ शिडीला टेकवलं होतं.

"सावकाश ये," ती खालूनच म्हणाली. "धरलीये मी."

देसांका एकेक पायरी उतरत आली. शिडी जराही हलली नाही.