प्लीहेची परीक्षा

धाकट्या जावेचं कौतुक झालं की थोरलीच्या पोटात दुखायचं, आणि अलीकडे ते रोजच होत होतं.

सासऱ्यांचा छापखाना घराच्याच खालच्या मजल्यावर. अवयवांचा आणि आजारांचा सोप्या भाषेतला कोश एवढंच काय ते तिथलं खपणारं पुस्तक. व्याख्या सुनांनी लिहायच्या, आणि परीक्षक कोण, तर सासूबाई. ऐकून त्यांचा हात स्वतःच्या अंगावर नेमक्या जागी गेला तर व्याख्या पास. शिवाय एकीचं दुसरीने वाचायचं, नाहीतर हातवारे करून कुणीही पास होईल.

पहिली आवृत्ती थोरलीने एकटीने ओढली होती. आता सासऱ्यांनी जुने शब्द धाकटीला नव्याने लिहायला दिले आणि नवे, अवघड शब्द थोरलीच्या गळ्यात मारले. जिच्या व्याख्या पहिल्या फटक्यात जास्त पास, तिचं नाव मुखपृष्ठावर वर.

धाकटीचं सगळं पहिल्या फटक्यात! थोरलीने अधिवृक्क ग्रंथी ‘मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली’ असं लिहिलं, तर सासूबाईंनी हात डोक्यावर ठेवला. सासरे पोट धरून हसले. कालची आलेली पोरगी, आणि आपण इतकी वर्षं काय गवत उपटत होतो? थोरलीचा नुसता जळफळाट झाला.

म्हणून प्लीहेच्या, म्हणजे पाणथरीच्या, वेळी तिने ते केलं. कागदावर धाकटीने बरोबर ‘डाव्या’ लिहिलं होतं. “प्लीहा. पोटाच्या उजव्या बाजूला, बरगड्यांच्या आड, मुठीएवढा अवयव,” थोरलीने खणखणीत वाचलं.

सासूबाईंचा हात मुकाट डावीकडे गेला.

सासरे बुचकळ्यात पडले. हिने तर उजवीकडे वाचलं, ते म्हणाले.

“वाचू दे. मागच्या खेपेला थोरलीने सगळं इतकं घोटून घेतलंय माझ्याकडून, की जुना शब्द निघाला की हात आपोआप जातो. पुढचं मी ऐकतच नाही.”

थोरलीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. म्हणजे धाकटीचं सगळं यश तिचंच होतं की! ती तोंड उघडणार, तोच धाकटीने तिच्या हातातला कागद काढून सासऱ्यांपुढे धरला.

“मी डाव्याच लिहिलंय, बाबा.”

सासऱ्यांनी वाचलं आणि ‘डाव्या’वर बोट ठेवून थोरलीकडे पाहिलं. थोरलीने लिहिलं म्हणजे बरोबरच, असं म्हणून त्यांनी पहिली आवृत्ती डॉक्टरांनाही कधी दाखवली नव्हती.

“जुना कोश काढ,” ते धाकटीला म्हणाले. “पहिल्या पानापासून सगळा तपासून घेऊ.”