हातावरचं जेवण

भुंकत नाहीये, बोलतोय. मी मोयनोक. गळ्याभोवती पांढरा पट्टा घेऊन जन्मलेल्या कुत्र्याला आमच्या नारीनच्या डोंगरात दुसरं नाव कुणी शोधत नाही.

माझा पहिला मालक दुष्ट होता असं मी म्हणणार नाही. त्याला फक्त घाई असायची. मी मेंढरांमागे धावलो की तो माझं नाव घेऊन ओरडायचा, आणि मी जवळ गेलो की कमरेच्या पट्ट्याने फोडून काढायचा. त्यातून मी एवढंच शिकलो, की नाव ऐकलं की पळायचं. "बहिरं आहे बेणं," असं म्हणून एका वसंतात तो मला रस्त्यावर सोडून ट्रकमधून निघून गेला.

भुकेने फिरत फिरत मी केंजेकानच्या कुरणावर पोचलो. केंजेकान म्हणजे साठीची विधवा बाई. चार घोड्या, वीसेक मेंढ्या आणि नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा तंबू. सगळं कुरण तिला आपा म्हणायचं. शेजारच्या तंबूत तिचा धाकटा दीर ओरोझबेक राहायचा. तिसऱ्याच दिवशी मी त्याची मेंढरं ओढ्यापर्यंत पिटाळली. एक मेंढी लंगडी झाली. ओरोझबेक बंदूक घेऊनच आला.

"वहिनी, बाजूला व्हा. मेंढरांना चटावलेल्या कुत्र्यावर एकच औषध."

"माझंही एक आहे. हिवाळ्याआधी कुरणावरून खाली उतरेपर्यंत थांब."

"आणि तोवर?"

"तोवर हा दोरीला. नाही सुधारला, तर मी स्वतः तुझ्या हातात बंदूक देईन."

हे ती गमतीने म्हणत नव्हती. तिचा आवाज मला अजून आठवतो.

आपाचे वडील शिकारी गरुड पाळायचे. गरुड हातावरच जेवतो, म्हणून आभाळातून हातावर परत येतो, हे तिने लहानपणी पाहिलं होतं. "पण बाबा त्याला उपाशी ठेवायचे," ती मला म्हणाली. "ते मला कधी आवडलं नाही. तुझं पोट मी रोज भरणार. फक्त ताटलीतून नाही."

जवाचं पीठ ती मटणाच्या पाण्यात घट्ट शिजवायची, त्यात आतड्याचे बारीक तुकडे घालायची आणि गार झालं की त्याच्या वड्या पाडायची. माझं सकाळ-संध्याकाळचं जेवण एवढंच. ते तिच्या अंगरख्याच्या खिशात राहायचं. लेकी भेटायला आल्या की नाक धरायच्या.

पहिल्या दिवशी तिने हात पुढे केला आणि मी जमिनीला चिकटलो. तिने वडी खाली ठेवली आणि तोंड फिरवलं. तीन दिवस असंच चाललं. चौथ्या दिवशी मी तळहातावरून घास घेतला. तळहात खरखरीत होता, घोडीच्या दुधाचा वास येत होता.

मग माझं नाव घ्यायचं आणि घास द्यायचा. मुठीत हाड धरून "सोड" म्हणायचं, मी नाक मागे घेतलं की दुसऱ्या हाताने वडी द्यायची. लांबच्या मेंढीकडे बघून मी आपाकडे वळलो की लगेच घास. मग मेंढी थोडी जवळ. चुकलो तर घास थांबायचा, पण रात्री पोट कधी रिकामं राहिलं नाही. मारही कधी पडला नाही.

ओरोझबेक कुंपणावर रेलून हसायचा. "वहिनी, लग्नातल्या व्याह्यालासुद्धा कुणी एवढं भरवत नाही!"

"व्याही दोन दिवसांत जातो रे. याला माझ्याकडे राहायचंय."

"लाडावून ठेवताय."

"जास्तीचं काय देते? रोजचंच आहे. ताटलीत ओतलं, तर याची ओळख ताटलीशी होईल."

उन्हाळा सरला. लांडग्यांनी दोन शिंगरं मारली. मी आता मोकळा फिरायचो. एका सकाळी जेवणाआधी मला ओढ्याकाठी चरबीचा मोठा गोळा सापडला. आयुष्यात एवढं एकत्र कधी मिळालं नव्हतं. मी तो ओठांत उचलला, तोच टेकडीवरून ओरोझबेक धावत आला. "टाक! टाक रे मुडद्या! विष आहे ते!"

विष म्हणजे काय, मला काय ठाऊक? मला फक्त तो जुना आवाज ऐकू आला. शेपूट पायात गेली. गोळा घेऊन मी खडकांकडे पळणारच होतो.

"तू गप्प बस!" पाणी भरायला ओढ्यावर आलेली आपा दिरावर कडाडली. मग माझ्याकडे वळली, आणि रोज जेवायला बोलावते तशाच सुरात म्हणाली, "मोयनोक, सोड. ये."

मला मोह झाला नाही असं नाही. पण तोंड आपोआप उघडलं. गोळा पडला आणि मी तिच्याकडे धावलो. तिने आधी माझं तोंड ओढ्याच्या पाण्याने तीनदा धुतलं. मग खिशातल्या सगळ्या वड्या काढल्या आणि एकेक करत भरवल्या.

ओरोझबेक डोळे पुसत जवळ आला. "लांडग्यांसाठी मीच ठेवलं होतं वर, खिंडीत. कावळ्यांनी आणलं असेल. सांगायचं राहिलं, वहिनी. अहो, माझा कुत्रा असता तर..."

"आधी उरलेलं गोळा कर आणि खोल पूर," ती म्हणाली. "रडायचं नंतर."

त्याने दिवसभर खिंड पालथी घातली. दुसऱ्या दिवशी तो स्वतःचा कुत्रा घेऊन दारात उभा. "याला शिकवाल?"

"मी नाही. हात तुझा लागेल."

खाली उतरताना बंदुकीचा विषय कुणी काढला नाही. ओरोझबेकचा खिसा मात्र वास मारत होता.

त्या गोष्टीला बारा वर्षं झाली. तुमच्या दारात कुत्रं असेल, तर त्याला पक्वान्नं नकोत. रोजचंच द्या, पण त्यातले चार घास हाताने द्या, नाव घेऊन द्या. आणि बोलावून कधी मारू नका.

आता मी खरंच बहिरा झालोय. आपा उंबऱ्यातून हात वर करते, मी निघतो. अंगणात मध्येच दमतो, बसतो. ती हात खाली घेत नाही.