समोरची पाण्याची नळी

घरघर ऐकू येते ना, मित्रांनो? ती माझीच. मी इस्पितळातल्या रक्ततपासणीच्या खोलीतला एक म्हातारा भोवरा आहे. कागदोपत्री माझे नाव सेंट्रीफ्यूज. पण ते म्हणताना जीभ अडखळते, म्हणून सगळे मला भोवराच म्हणतात.

नवा होतो तेव्हा माझा काय तोरा होता! रक्ताची नळी पोटात घ्यायची, गरगर फिरायचे, की लाल पेशी खाली आणि फिकट पिवळे पाणी वर. त्या पाण्यात मोठी बातमी असते. काही जणांना घशाचा कर्करोग एका विषाणूमुळे होतो. उपचारांनंतरही गाठ कुठे दडून राहिली, तर त्या विषाणूच्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात उतरतात. पुष्कळदा गाठ डोळ्यांना दिसण्याआधीच ते सापडतात. शोधण्याचे काम शेजारचे यंत्र करते. पण आधी मी फिरलो नाही, तर ते शोधणार कशात?

माझी एकच खोड. एक नळी ठेवली, की बरोबर समोर तेवढ्याच वजनाची दुसरी हवी. नाहीतर मी टेबलावर थयथयाट करतो. जोडीला दुसऱ्या कोणाचे रक्त नसले, तर पाण्याची नळीही चालते. ती रॅकमध्ये कायम भरून ठेवलेली असते.

मला सांभाळणाऱ्या ताई कामाला वाघ. मला पुसताना माझ्याशी बोलायच्या. त्यांच्याकडे पोहायला शिकवणारे एक सर दर काही महिन्यांनी रक्त द्यायला येत. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून आमचे ते शिट्टीसर. त्यांची घशातली गाठ किरणांनी विरघळली होती आणि रक्तातले तुकडेही नाहीसे झाले होते.

"सर, आज एवढी घाई?" एका सकाळी ताईंनी विचारले.

"एक पोरगी यायचीय पोहायला. बाकी सगळ्यांनी दांडी मारलीय."

"एकीसाठी कशाला धावताय?"

"अहो ताई, ती एकटी आहे म्हणून पाणी काही उथळ होत नाही!"

सर हसत गेले. त्यांची नळी मात्र त्या दिवशी एकटीच होती. ताईंनी माझ्या झाकणावर हात ठेवला. "एका नळीसाठी कशाला दमवू याला? म्हातारा झालाय बिचारा. अजून दोन-चार येऊ देत."

माझीच दया आली हो त्यांना! दिवस कलला तरी नळी तशीच. संध्याकाळी मला फिरवले, पण तोवर रक्तातल्या पांढऱ्या पेशी फुटून त्यांचाच डीएनए त्या पाण्यात मिसळला होता. त्या गर्दीत विषाणूचा इवलासा तुकडा असला तरी कोणाच्या हाती लागणार? अहवाल आला, 'काही सापडले नाही.' सरांनी खोलीतच शिट्टी फुंकली. सगळे हसले.

पुढच्या खेपेला तुकडेच तुकडे सापडले. गाठ परतली होती आणि स्वरयंत्रापर्यंत पसरलीही होती. सरांचे स्वरयंत्र काढावे लागले. आता त्यांचा श्वास गळ्याच्या छिद्रातून चालतो. तोंडाने फुंकर निघत नाही.

कदाचित त्या दिवशीच कळले असते. कदाचित नसतेही. हे 'कदाचित' मला आतून पोखरते.

शस्त्रक्रियेनंतर सर पुन्हा रक्त द्यायला आले. ताईंना राहवले नाही. "सर, मागे तुमची नळी मी जोडीसाठी थांबवून ठेवली होती. दिवसभर. चुकलं माझं." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

सरांनी गळ्यातली शिट्टी मुठीत घट्ट धरली. मग एक बोट वर केले, एकच, जणू म्हणत होते, एकटीसाठीही पाणी खोलच असते, आणि बाही सरकवून हात पुढे केला. ताईंनी रक्त काढले, समोर पाण्याची नळी ठेवली आणि मला लगेच सुरू केले.

मित्रांनो, म्हाताऱ्या यंत्राची कीव आली तर त्याला पुसा, त्याची डागडुजी करा. पण त्याच्यावरच्या दयेपोटी कोणाचे काम अडवू नका. मी त्या एकट्या नळीसाठीही फिरलो असतो. पाण्याची नळी तर हाताशीच होती.