कोपऱ्यातली चौकट

“थांब, ती आली,” भावाने खुणेने सांगितलं आणि खुर्ची टीव्हीजवळ ओढली.

ताईचे हात हवेतच राहिले. सुतारकाम करताना कापलेलं बोट बरं झालं का, एवढंच ती त्याला विचारत होती. पण भाऊ आणि भावजय, दोघांचे डोळे आता पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीवर खिळले होते.

वर्षानुवर्षं त्या चौकटीत ताई उभी राहत आली होती. निवेदक बातम्या वाचायचा आणि ती त्याच बातम्या ऐकू न येणाऱ्यांना हातांनी सांगायची. युद्ध सुरू झालं आणि संध्याकाळचं बातमीपत्र नुकत्याच आलेल्या मुलीला मिळालं; सगळे तिला नवीच म्हणायचे. ताईकडे सकाळचं उरलं, लोक कामाच्या धांदलीत असतात तेव्हाचं.

पडद्यावर नवीने दोन्ही तळवे डोक्यावर धरले आणि झटकन खांदे पाडले.

“हे काय?” ताईने विचारलं.

“भोंगा झाला, तळघरात पळा. तिनेच काढलीय ही खूण. आता सगळे हीच करतात.”

“भोंग्याची खूण आहे की आपली! खुणांच्या पुस्तकात आहे.”

“ती कारखान्याच्या भोंग्याची. सुटी झाली, घरी चला.” भाऊ हसला. “तुझं सगळं बरोबर असतं गं. पण तुला बघताना वर्गात बसल्यासारखं वाटतं. ती घरातलीच वाटते.”

ताई चहा तसाच टाकून उठली.

याच बहिऱ्या भावासाठी ती ही भाषा शिकली होती. लहानपणी आईवडील त्याच्याशी नुसतेच ओठ ताणून बोलायचे. हातांनी बोलणारी ती एकटी. पुढे रीतसर परीक्षा दिल्या. नवीने कसलीच परीक्षा दिली नव्हती. तिचे आईवडील दोघेही बहिरे, त्यामुळे तोंडाने बोलायच्या आधीच ती हातांनी बोलू लागली होती. सगळं आयतं मिळालेलं, ताईच्या मनात आलं. आणि आता माझा भाऊही हिलाच आयता मिळाला.

दुसऱ्या दिवशी तिने निर्मात्याला गाठलं. “तिच्या खुणा घरगुती आहेत. कुणी भलताच अर्थ घेतला म्हणजे?”

“ताई, तीच पाहिजे म्हणून फोन येतात.”

“बहिऱ्यांचे?”

“त्यांच्या पोरांचे हो!”

बाहेर नवी उभीच होती. “ताई, जरा बघता? ड्रोनसाठी ही खूण बरी वाटते का?”

“मला कशाला विचारतेस? लोकांना आवडतंय ना तुझं!”

नवीचा चेहरा पडला. ताईला बरं वाटलं. बरं वाटलं याची लाजही वाटली, पण ती थोडी नंतर.

त्या संध्याकाळी ताई घरी गेली नाही. कॅमेऱ्यामागे उभी राहून ती नवीची एखादी चूक सापडते का, ते बघत राहिली. निवेदकाने मधेच हातात आलेला कागद वाचला: कालव्याकाठच्या गिरणी कामगारांच्या वसाहतीवर बॉम्ब पडले होते.

नवीचे हात थांबले.

अडली, ताईच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच. मग तिने नवीचा चेहरा पाहिला. तिचे आईवडील त्याच वसाहतीत राहत होते.

“ताई!” निर्माता दबक्या आवाजात ओरडला.

ताईने नवीला दंडाला धरून बाजूला केलं आणि ती स्वतः तिच्या जागी उभी राहिली. शहरात पुन्हा भोंगे वाजू लागल्याचं निवेदक सांगत होता. तिचे हात सवयीने पुस्तकातल्या खुणेसाठी उठले. कारखान्याचा भोंगा. सुटी झाली, घरी चला. तिने हात आवरले, तळवे डोक्यावर धरले आणि खांदे पाडले. शेवटपर्यंत तिने नवीच्याच खुणा वापरल्या. तिला त्या सगळ्या पाठ होत्या. जळत जळत का होईना, रोज बघितल्या होत्या.

बातम्या संपल्या. नवी दाराशी फोन हातात धरून उभी होती. “मेसेज जातच नाहीये.”

“चल,” ताई म्हणाली.

“तुम्ही कशाला, ताई?”

“वाद घालू नकोस. चल.”

वसाहतीतल्या लोकांना शेजारच्या शाळेच्या तळघरात नेलं होतं. वीज गेलेली. काळोखात माणसं खोकत होती, नावं घेऊन एकमेकांना हाका मारत होती. नवीने तोंड उघडलं आणि मिटलं. हाक मारून उपयोग नव्हता.

“इथे बाकावर चढ,” ताई म्हणाली. “तू त्यांना दिसायला हवीस.” तिने फोनचा दिवा लावून नवीच्या तोंडावर धरला.

कोपऱ्यातून एक म्हातारी माणसांना ढकलत आली. तिच्यामागे म्हातारा होता. त्याचा उजवा हात फडक्यात गुंडाळून छातीशी बांधलेला. तो उरलेल्या एका हाताने बोलू लागला. नवी बाकावरून उतरली आणि तिघांचे हात एकदमच सुरू झाले.

ताईने प्रकाश त्यांच्या हातांवर आणला. ते फार भराभर बोलत होते. अर्ध्याअधिक खुणा त्यांच्या घरातल्याच होत्या. ताईला त्यातलं थोडंच कळत होतं. म्हातारी मधेच लेकीच्या गालावर काहीतरी लिहिल्यासारखं बोट फिरवत होती. इतक्या वर्षांत आपल्याशी असं कुणी बोललं नाही, ताईला वाटलं, आणि मनात पुन्हा तोच हेवा आला.

“बाई, बॅटरी संपेल,” शेजारून कुणीतरी म्हणालं.

“संपू दे.”

तिचा हात भरून आला. तिने दुसऱ्या हाताने मनगटाला आधार दिला आणि दिवा तसाच धरून ठेवला.