लाइन कधी येणार

दाराची काच फुटली तेव्हा अण्णा फोनवर एका बाईंची समजूत घालत होते. "येईल बाई, काम चालू आहे. माणूस खांबावर चढलाय. तो उतरला की लगेच येईल." काचेचे तुकडे टेबलाखाली त्यांच्या चपलांपर्यंत आले. पलीकडून बाईंनी विचारलं, "ते सगळं खरं हो, पण लाइन नक्की कधी येणार?" अण्णांनी रिसीव्हर खाली ठेवला. बाहेर जमलेल्यांनाही हेच विचारायचं होतं, फक्त त्यांनी येताना दगड आणले होते.

आदल्या संध्याकाळी वादळात एक झाड तारांवर पडलं होतं आणि तेव्हापासून अर्ध्या गावात वीज नव्हती. आता भर दुपार होती. अंगाची लाही लाही होत होती, टाक्यांतलं पाणी संपलं होतं आणि लोकांचा धीर तर सकाळीच संपला होता. सबस्टेशनमध्ये ऑपरेटर म्हणून अण्णा एकटेच. वॉचमन पहिला दगड पडताच मागच्या कुंपणावरून पसार झाला. एरवी खुर्चीतून उठताना कण्हणाऱ्या माणसाला कुंपण ओलांडता येतं, याचं अण्णांना तशा परिस्थितीतही नवल वाटलं.

अण्णांचं सगळं आयुष्य 'लाइन' या एका इंग्रजी शब्दात गेलं होतं. लग्न ठरताना होणाऱ्या सासूबाईंनी विचारलं, "मुलगा कुठल्या लाइनीत आहे?" आणि मध्यस्थाने सांगितलं, "लाइनीतच आहे." राहायला मिळाली ती खोलीसुद्धा कामगारांच्या लाइनीतली, शेजारच्याने कूस बदलली तरी ऐकू येईल अशी. मुलगा शिक्षण सोडून उनाडक्या करायला लागला तेव्हा बायको म्हणायची, "गावाची लाइन सांभाळता, पोराला तेवढं लाइनीवर आणा." आणि रंगात आली की शेजारणींना सांगायची, "आमच्या यांनी जन्मात कुणावर लाइन मारली नाही. यांना फक्त बंद करता येते." अण्णाही हसायचे. पण त्यांच्या लेखी लाइन म्हणजे एकच गोष्ट होती. ती तार, जिच्यावर आत्ता कुणाचा तरी हात आहे.

म्हणून एका नियमाच्या बाबतीत ते कुणाच्या बापाचं ऐकत नसत. ज्याने लाइन बंद करून घेतली, त्यानेच ती सोडायला सांगायची. साहेबाने नाही, साहेबाच्या साहेबाने नाही. त्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचं आणि अण्णांनी स्वतःच्या कानाने ऐकायचं. नोकरीला लागल्या लागल्या त्यांनी एका माणसाला खांबावरून उतरवताना पाहिलं होतं. त्याचे हात कोपरापर्यंत काळे पडले होते आणि बोटं तारेलाच चिकटून राहिली होती. "उतरला तो, सोडा," असं दुसऱ्याच कुणीतरी सांगितलं होतं.

त्या दुपारी खांबावर होता तो खारू, अण्णांचा मेहुणा. खारीसारखा सरसर चढायचा म्हणून हे नाव. अण्णांची स्कूटर मागून नेऊन त्याने ती भिंतीवर घातली होती, आणि वर "ब्रेक तुमचेच ढिले होते" असं सगळ्यांसमोर म्हणाला होता. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. कामापुरतं, फोनवर, तेही परक्यासारखं. "ऑपरेटर, लाइन बंद करा." "बंद केली." "ऑपरेटर, उतरलो, सोडा." "सोडली." अण्णा फोन उजव्याच कानाला लावत, कारण डावा लहानपणीच्या आजारात गेला होता.

माणसं आत घुसली. सगळ्यात पुढे बर्फाच्या कारखान्याचा मालक होता. त्याचा माल सकाळपासून पाणी होऊन रस्त्याने वाहत होता.

"कुठंय हँडल?"

"शेट, माणूस लाइनवर आहे," अण्णा म्हणाले. "तो उतरल्याशिवाय सोडता येत नाही."

"कालपासून हेच ऐकतोय. कोण माणूस?"

"खारू."

"म्हणजे तुझा मेहुणा. मेहुण्यासाठी सगळ्या गावाला उकडून काढतोयस होय?"

"मेहुणा नसता तरी नसती सोडली. मेहुणा आहे म्हणून तर सोडायचा मोह होतोय."

दोघं-तिघं हसले. ते हसू आणखी थोडं टिकलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं, असं अण्णांना नंतर कित्येकदा वाटलं. पण तेवढ्यात गर्दीतून एक वेल्डर पुढे घुसला. खालच्या गल्लीत त्याचं दुकान होतं. हातात जाड सळई होती, शर्ट घामाने अंगाला चिकटला होता.

"माझी आई श्वासाच्या मशीनवर आहे. बॅटरी संपत आलीय. सोड लाइन."

"अरे, मग दवाखान्यात ने तिला."

"दवाखान्यात दारापर्यंत लाइन लागलीय. तिला बसवतसुद्धा नाही, उभी कशी करू?"

"थोडा दम धर. फोन येईलच त्याचा."

"दम धर म्हणू नको मला," वेल्डर म्हणाला. "तिला दमच लागलाय."

सळई आधी टेबलावर बसली आणि टेबलाची काच उडाली. दुसरा फटका अण्णांच्या खांद्यावर बसला. ते खुर्चीसकट कोलमडले. कुणीतरी पोटात लाथ घातली. तोंडात रक्ताची चव आली. एक जण लाइन चालू-बंद करायच्या पॅनेलांकडे धावला, तसे अण्णा पडल्या पडल्या ओरडले, "हात लावू नकोस. सात आहेत. तुझं कुठलं ते तुला माहीत नाही. चुकीचं ओढलंस तर इथंच कोळसा होशील."

तो माणूस दोन पावलं मागे सरकला. सातही पॅनेलं एकसारखी राखाडी, आणि आतून त्यांचा घुमणारा आवाज. पॅनेलांना हात लावायची कुणाची हिंमत नव्हती. मग मारायला अण्णाच उरले.

कॉलर धरून त्यांना फरशीवरून पॅनेलांपर्यंत ओढत नेलं. "कुठलं ते दाखव." अण्णांनी डोळे मिटून घेतले. नजर चुकून तिकडे गेली तरी यांना कळेल, अशी त्यांना भीती वाटली. वेल्डरने त्यांच्या उजव्या हातावर बूट ठेवला आणि सगळा भार टाकला. बोटांतून काहीतरी मोडल्याचा आवाज आला. अण्णा गुरासारखे ओरडले. लाज, वय, नोकरी, काही आड आलं नाही. "आईच्यान् सांगतो, उतरला की सोडतो," ते रडत म्हणाले. आई हा शब्द ऐकला आणि वेल्डरचं डोकंच फिरलं. त्याने सळई आडवी फिरवली. ती उजव्या कानावर बसली.

त्यानंतर जगातला आवाजच बंद झाला. नुसती एक बारीक शिट्टी, कुठूनतरी लांबून. माणसांची तोंडं हलत होती. मग सगळी तोंडं एकदम टेबलाकडे वळली, आणि अण्णांना कळलं की फोन वाजतोय.

बर्फवाल्याने तो उचलला, ऐकला, आणि त्याचा चेहरा उजळला. तार ताणत त्याने रिसीव्हर अण्णांच्या फुटलेल्या कानाला लावला. अण्णांनी ऐकायचा जीव तोडून प्रयत्न केला. शिट्टी. फक्त शिट्टी. बर्फवाल्याचे ओठ पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते, "उतरला, उतरला." ते वाचायला कान लागत नव्हते.

खारू खरंच उतरला असेल, असं अण्णांना वाटलं. त्यांना जवळजवळ खात्री होती. पण "उतरला" हे त्या पहिल्या वेळीही कुणीतरी असंच सांगितलं होतं, आणि ज्याचा बर्फ वितळतोय त्याचे ओठ काहीही म्हणू शकतात. रिसीव्हरमध्ये खारू होता की बायको होती की आणखी कुणी विचारत होतं लाइन कधी येणार, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. त्यांनी मान हलवली. नाही.

"त्याला इथं येऊ दे," ते म्हणाले. स्वतःचं बोलणंही त्यांना ऐकू आलं नाही.

मग ज्यांनी तोवर हात उचलला नव्हता, त्यांनीही उचलला. खुर्चीचा पाय, चपला, एकाने तर टेलिफोनच. अण्णांनी डोकं पोटाशी घेतलं आणि पॅनेलला पाठ लावून पडून राहिले. किती वेळ, ते त्यांना सांगता आलं नाही. शुद्ध गेली नाही एवढं खरं, कारण वेल्डर रडत रडत मारतोय, हे त्यांनी पाहिलं.

फोन करूनही लाइन येईना म्हणून निघालेला खारू मोटरसायकल फाटकातच टाकून आत आला. कमरेचा पट्टा अजून तसाच होता. त्याने तो सोडला आणि बकलाच्या बाजूने वेल्डरच्या तोंडावर हाणला. गाल ओठापासून कानापर्यंत उकलला. दुसऱ्या तडाख्याला बर्फवाला भिंतीवर आदळला, बाकीचे दाराकडे पांगले. खारू गुडघ्यांवर बसला. त्याचं तोंड हललं. बऱ्याच दिवसांनी त्या ओठांवर "दाजी" आलेलं अण्णांनी पाहिलं, पण ऐकलं नाही.

"दाजी, फोनवर सांगितलं ना, उतरलो म्हणून. सोडायची नाही का?"

अण्णांनी मोडका हात छातीशी धरला आणि दुसऱ्या हाताने खारूच्या बुटाला हात लावून पाहिला. बूट जमिनीवर होता. मग त्यांनी उठवायची खूण केली. खारूने काखेत हात घालून उभं केलं, आणि अण्णांनी डाव्या हाताने तिसऱ्या पॅनेलचं हँडल फिरवलं. फरशीतून पायांना हलकी थरथर जाणवली. बाहेर, आत्ताच मारून गेलेली माणसं हात वर करून नाचत होती. "आली, आली," असं ओरडत होती, हे खारूने नंतर लिहून सांगितलं.

वेल्डर गेला नव्हता. गालावर तळवा दाबून तो तिथेच उभा होता. त्याच्या खिशात फोन वाजला. त्याने ऐकलं आणि फोन तसाच हातात धरून ठेवला. हेही खारूनेच नंतर सांगितलं. बहीण फोनवर म्हणत होती, दादा, मशीन सुरू झालं रे, पण आई काही सुरू होत नाही.

अण्णा काही संत नव्हते. पट्ट्यांमध्ये गुंडाळलेल्या अवस्थेत त्यांनी पोलिसांना दोन्ही नावं सांगितली. बर्फवाल्याचे हात वरपर्यंत पोचलेले, तो सुटला. वेल्डर काही महिने आत होता. चौकशीला आलेले साहेब कागदावर मोठ्या अक्षरात लिहून गेले, "तुमचं नियमाने बरोबर होतं." अण्णांनी तो कागद वाचला आणि उलटा करून ठेवला. बरोबर होतं हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. पण फोन आला तेव्हा हँडल फिरवलं असतं तर ती म्हातारी जगली असती, हेही तेवढंच खरं होतं. ती दोन खरी त्यांच्या पोटात शेजारी शेजारी बसून राहिली. कित्येक रात्री जेवण पुढे ढकलून ते म्हणायचे, "मी तिला ओळखतसुद्धा नव्हतो गं." बायको पाठीवरून हात फिरवायची. बोलून उपयोग नव्हता.

त्यांना लवकर घरी बसवलं गेलं. खारू सुट्टीच्या दिवशी यायचा, समोर बसून खाणाखुणा करायचा. "एकाला ऐकू येत नाही आणि दुसऱ्याला बोलता येत नाही," बायको म्हणायची, "म्हणून तर आता दोघांचं पटतंय."

वर्ष उलटून गेल्यावर एका सकाळी अण्णा सरकारी दवाखान्यात औषधाच्या खिडकीसमोर लाइनीत उभे होते. वाकडी बोटं खिशात होती. लाइन पुढे सरकली. मागून माणसं म्हणाली, "अहो काका, सरका की पुढं. झोपला का काय?" अण्णा समोरच्या भिंतीकडे बघत तसेच उभे. कुणीतरी वैतागून ढकलायला हात पुढे केला, तो दुसऱ्याच एका हाताने अडवला.

कोपराला कुणाचा तरी हात लागला, हलकेच. अण्णांनी वळून पाहिलं. ओठापासून कानापर्यंत गेलेला पांढरा व्रण, आणि त्याच्यावरचे ते डोळे. अण्णांचं अंग आपोआप आक्रसलं, वाकडा हात तोंडापुढे गेला. वेल्डरने स्वतःचा हात लगेच मागे घेतला आणि खाली मान घातली. मग हनुवटीनेच त्याने दाखवलं, पुढे जागा झालीय म्हणून.

अण्णा पुढे सरकले. पुढच्या वेळी लाइन हलली तेव्हा कोपराला पुन्हा तसाच हात लागला, आणि तेव्हा ते दचकले नाहीत. खिडकी येईपर्यंत असंच चाललं. हात लागायचा, अण्णा एक पाऊल टाकायचे. त्यांनी पुन्हा मागे वळून पाहिलं नाही, आणि मागच्यानेही एकदासुद्धा हात जोरात लावला नाही.