संवादाचे दोन गुण वजा

ड्रायव्हिंग स्कूलमधली मास्तरीणबाई गाडी शिकवताना कडक होती, पण प्रेमकादंबऱ्या वाचताना त्याहून कडक. दिवसभर तिचा पाय शेजारच्या सीटपुढच्या दुसऱ्या ब्रेकवर असायचा. संध्याकाळी फोनवरच्या वाचकगटात तेच काम तिची जीभ करायची.

गटात रोज एक प्रकरण वाचायचं आणि पुस्तक संपलं की नायकाला दहापैकी गुण द्यायचे, अशी पद्धत होती. गट चालवायच्या हेडबाई, म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापिका. सगळ्यात हळवा क्रेनवाला. हा बाबा बांधकामावर उंच केबिनमध्ये बसून जेवणाच्या सुट्टीत वाचायचा, आणि नायिकेला नुसता ताप आला तरी याच्या डोळ्यांना धार. मास्तरीणबाईकडे संवाद तपासायचं खातं होतं. नायक जरा चंद्राबिंद्रावर गेला की तिचा ठरलेला शेरा पडायचा, "असं कोणी बोलतं का? दोन गुण वजा." क्रेनवाला कितीही हळहळला तरी गुण कापले जायचेच.

गटाला नियम एकच होता आणि त्याला अपवाद नव्हता. इथे फक्त पुस्तकांबद्दल बोलायचं, घरची रडगाणी घरी. मास्तरीणबाईला हा नियम मनापासून पटला होता, स्वतःवर वेळ येईपर्यंत.

वेळ आणली एका बेकरीवाल्याने. पंचेचाळिशीचा, एकटा, अबोल गृहस्थ. पावाची गाडी चालवणारा माणूस काम सोडून गेला, म्हणून हे स्वतःच शिकायला आले होते. सरळ रस्त्यावर गाडी अशी चालवायचे की पोटातलं पाणी हलू नये. पण दोन खांबांच्या मधे गाडी मागे घ्यायची म्हटलं की एक खांब आडवा झालाच म्हणून समजा. परीक्षेत तीनदा नापास झाले. ज्यांना डावं-उजवं कळत नव्हतं असेही मास्तरीणबाईच्या हाताखालून पहिल्या फटक्यात पास झाले होते. आता शाळेच्या मालकांनी सांगून टाकलं, सोमवारपासून यांना दुसऱ्या मास्तरांकडे देऊया. ती "द्या की" म्हणाली खरी, पण त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. आपल्या कामाचा अपमान झाला म्हणून जात नाही, असं तिने स्वतःला बजावलं.

मन मोकळं करायचं तर कुठे? गटात नियम आडवा. मग तिने शक्कल लढवली. गटात लिहिलं, एक जुनी कादंबरी हाती लागली आहे, मुखपृष्ठ फाटलंय, त्यामुळे नाव माहीत नाही. नायिका गाडी शिकवते, नायक तीनदा नापास झालाय आणि आता तिच्या हातून जाणार आहे. तर नायक मठ्ठ आहे की नायिकेला शिकवता येत नाही?

हेडबाईंनी आधी बारीकसारीक विचारून घेतलं. नायक कसा येतो, काय बोलतो, तो गेल्यावर नायिका काय करते. मास्तरीणबाईने प्रामाणिकपणे उत्तरं दिली. तो सकाळी भट्टीवरून थेट येतो. बाहीला पीठ असतं, ते सीटला लागतं. प्रत्येक शिकाऊ उतरला की नायिका फडक्याने सीट झटकते. हा उतरला की मात्र झटकत नाही. का, ते लेखिकेने दिलेलं नाही.

गटात एकदम कालवा उठला. क्रेनवाल्याने लिहिलं की नायक वेड पांघरून पेडगावला चाललाय. पास झाला तर शिकवणी संपेल, म्हणून पठ्ठ्या मुद्दाम खांब पाडतोय. हेडबाईंनी सगळ्यांत शेवटी लिहिलं.

"नायकाचं मला सांगता येत नाही. पण पीठ न झटकणाऱ्या नायिकेचं मला पक्कं माहीत आहे. पुढचं प्रकरण कधी?"

मास्तरीणबाईचे कान तापले. उभ्या आयुष्यात शेकडो प्रेमकथा वाचल्या, पानापानावर नायिकांना बावळट म्हटलं, आणि इथे काखेत कळसा, गावाला वळसा. आईने विचारलं, चेहरा का लाल झालाय? ती म्हणाली, कांदा चिरतेय. कांदे अजून टोपलीतच आहेत, हे आईने शांतपणे दाखवून दिलं.

मग तिला राग आला. मुद्दाम नापास होऊन हा माणूस आपल्याला उल्लू बनवत असेल तर? सकाळी शेवटची शिकवणी होती. मैदानात खांबांपुढे गाडी थांबवायला लावून तिने तोफ डागली.

"एक खरं सांगा. तुम्ही मुद्दाम नापास होता का?"

बेकरीवाला घाबरलाच. "नाही हो मॅडम. मला खरंच जमत नाही."

तो खोटं बोलत नव्हता. आणि तिला फार वाईट वाटलं. तो लबाड निघावा म्हणून आपण रात्रभर देव पाण्यात घालून बसलो होतो, हे तिला तेव्हा कळलं. ती पुढचा धडा सांगणार, इतक्यात तो स्टिअरिंगवरची नसलेली धूळ बाहीने पुसत म्हणाला,

"तुम्ही सांगता, डावीकडच्या आरशात बघा. मी बघायला जातो. पण आरशाच्या आधी तुम्ही येता. मग नजर पुढे जातच नाही."

असं कोणी... हे शब्द तिच्या ओठांवर आले आणि तिथेच अडकले. तिला हसू आलं आणि रडूही, आणि दोन्हीपैकी काय करावं ते न कळून तिने मास्तरीणबाईचंच काम केलं. दार उघडून उतरली, आरशात दिसणार नाही अशा जागी जाऊन उभी राहिली आणि ओरडली, घ्या मागे. गाडी सुरळीत मागे आली आणि दोन खांबांच्या बरोबर मधे थांबली. बेकरीवाला खाली उतरून दोन्ही खांबांकडे संशयाने बघत राहिला.

"परीक्षेला दुसरे मास्तर शेजारी बसतील," ती म्हणाली.

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर मी बसेन. पण पावाच्या गाडीत माझ्या बाजूला ब्रेक नसणार. जपून चालवा."

चौथ्या परीक्षेत तो पास झाला. त्या संध्याकाळी तिने गटात शेवटचं प्रकरण लिहून काढलं, आरशासकट. सगळे खूश झाले. फक्त क्रेनवाला, आयुष्यात पहिल्यांदाच, कोरड्या डोळ्यांनी हिशोबाला बसला.

"मास्तरीणबाई, नायक गोड आहे. पण 'आरशाच्या आधी तुम्ही येता' असं कोणी बोलतं का? तुमच्याच नियमाने दोन गुण वजा."

तिने काहीतरी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. गटाचा नियम आठवला. पायाखालच्या ब्रेकची सवयही आठवली. मग तिने पाय उचलला.

"बोलतं," तिने लिहिलं. "मी शेजारच्याच सीटवर होते."